आपले थोर आडनाव काय?

आम्हांला रजई हवी होती आणि दुकानदाराने आमच्यापुढे कप मांडले. निळा, पांढरा, झाकणाचा, बिनझाकणाचा. ही गोष्ट सप्टेंबर 2017 ची. बीजिंगच्या वुदाओको भागातील एका वसतिगृहात आम्हांला खोली मिळाली होती. खाट होती, गादी होती, पांघरूण नव्हते. शब्द पाठ करूनच निघालो होतो : पेइत्स. पण हाच शब्द उंच, सपाट स्वरात म्हटला की कप होतो आणि वरून खाली झटक्याने सोडला की रजई. आम्ही तो वाशीम-अकोल्याकडे म्हणतात तसा म्हटला. शेवटी दोन्ही हात गालाखाली धरून डोळे मिटून दाखवले, तेव्हा म्हातारा हसत आत गेला आणि रजई घेऊन आला. कपही घ्यावा लागला. त्याने तो एव्हाना पुसून ठेवला होता.

ऑक्टोबर 2025 मध्ये भारत-चीन थेट विमाने पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून वस्तीतली मुले आम्हांला विचारू लागली आहेत की चिनी शिकायला जावे काय? प्रवेश कसा घ्यायचा हे सांगणारे पुष्कळ आहेत. पहिले दोन महिने कसे निघतात हे कोणी सांगत नाही, म्हणून हा प्रपंच.

पहिला आठवडा कागदांचा. उतरल्यापासून 24 तासांच्या आत पोलिसांकडे राहण्याची नोंद झाली पाहिजे. दीर्घ मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर गेलात तर 30 दिवसांत निवास परवाना काढावा लागतो. वैद्यकीय तपासणी असते. पासपोर्ट आकाराचे फोटो इथूनच डझनाने न्यावेत. चीन सरकारच्या शिष्यवृत्तीत फी आणि राहणे माफ होते व वर दरमहा 3000 युआन मिळत, म्हणजे त्या वेळचे साधारण तीस हजार रुपये. पहिला हप्ता हाती पडेपर्यंत महिना उलटला. तो महिना आम्ही बहिणीने दिलेल्या पैशांवर काढला. आपल्या केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी असते, नुसत्या भाषावर्षाला ती चालत नाही. हे आधी माहीत असलेले बरे.

जातानाच भीती होती ती इंग्रजीची. आमचे शिक्षण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत झालेले. वर्गात युरोप-अमेरिकेची मुले, त्यांचे इंग्रजी पाण्यासारखे. आम्ही मागच्या बाकावर बसलो. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहून शिकवतात, आणि तिथेच गंमत झाली. रोमन ‘बी’ लिहिलेला असतो, पण उच्चार आपल्या ‘प’चा. ‘पी’ म्हणजे आपला ‘फ’, तोही दोन्ही ओठ मिटून म्हटलेला. ज्या शहराला जग बीजिंग म्हणते त्याचा चिनी उच्चार पेइचिंगच्या जवळचा आहे. ‘चहा’तला च वेगळा आणि ‘चाक’तला च वेगळा, हे मराठी पोराला कोणी शिकवावे लागत नाही. चिनी भाषेत हे दोन्ही वेगवेगळे वर्ण आहेत. आम्ही वहीत रोमन अक्षरे खोडली आणि देवनागरीत लिहू लागलो. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी आम्हांला पुढे बोलावून वर्गाला उच्चार ऐकवायला लावले.

स्वरांनी मात्र छळले. ‘माइ’ खाली दाबून वर उचलला तर विकत घेणे, झटक्याने खाली आणला तर विकणे. चित्राक्षरे त्याहून कठीण. रोज वीस नवी, प्रत्येक अक्षर चौकटीत वीसवीस वेळा, रेघांचा क्रम चुकला तर लाल खूण. चौथ्या पायरीच्या परीक्षेला तेव्हा 1200 शब्द लागत.

आता मुख्य गोष्ट. पहिल्याच महिन्यात पुस्तकात धडा आला : ओळख करून घेणे. सभ्य माणसाने अनोळखी माणसाला काय विचारावे? ‘नीन क्वेइ शिंग?’ शब्दशः अर्थ, ‘आपले थोर आडनाव काय?’ वाचकहो, हा प्रश्न वाचला आणि आमचा घसा कोरडा पडला. कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत, भाड्याची खोली बघताना, एसटीत शेजारी बसलेल्या काकांकडून, हा प्रश्न आम्ही जन्मभर ऐकला आहे, आणि त्याच्या पोटात काय असते ते तुम्हांला सांगायला नको. इथे तो आदराने विचारला जात होता आणि उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा बदलत नव्हता. बदलणार कसा? वांग आणि ली ही आडनावे प्रत्येकी दहा कोटींच्या घरात लोकांची आहेत. त्यातून काय ओळखणार? दुकानात ‘फार महाग’ म्हणतानाही हाच ‘क्वेइ’ येतो. महाग आडनाव म्हणजे काय, हे आम्ही बाईंना समजावून सांगू शकलो असतो, पण तेवढे चिनी येत नव्हते.

तो प्रश्न जुन्या अर्थाने ऐकू आला तो वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. मजल्यावर एकच शेगडी. आपल्याच देशातला एक मुलगा कुकर घेऊन उभा होता. आमचे नाव ऐकले आणि म्हणाला, ‘पूर्ण नाव?’ सांगितले. दुसऱ्या दिवसापासून कुकर त्याच्या खोलीत कुलपात. भारतापासून इतक्या लांब येऊन! कझाकस्तानच्या सोबत्याने विचारले की तुमचे भांडण झाले का? त्याला उत्तर देता आले नाही. त्याने मग आपली कढई दिली, टोमॅटो-अंडे करायला शिकवले आणि वर्षभर तेच खाल्ले.

म्हणून तिथे सगळे समान, असा समज करून घेऊ नये. आमचा मजला झाडणाऱ्या मावशी हेनान प्रांतातल्या. मुलगा गावी आजीकडे. 1958 पासून चीनमध्ये हुकोऊ नावाची घरनोंदणी आहे, आणि ज्याची नोंद खेड्यातली त्याच्या मुलाने विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा सहसा तिथेच जाऊन द्यावी लागते. मावशी वीस वर्षे बीजिंग झाडत होत्या, पण कागदावर त्या बीजिंगच्या नव्हत्या. आम्ही मोडक्यातोडक्या भाषेत हे ऐकले तेव्हा काही ओळखीचे वाटले.

घराची आठवण रात्री येई. आम्ही पोहोचलो त्याच महिन्यात तिथे व्हॉट्सॲप बंद पडले. धाकट्या बहिणीने आईच्या फोनवर वीचॅट बसवून दिले. दोन्ही सैन्ये डोकलाममध्ये समोरासमोर उभी होती ती ऑगस्टच्या अखेरीस मागे सरली होती, तरी आई रोज विचारी, ‘तिथले लोक काही म्हणतात का?’ तिथले लोक गरम पाणी प्या म्हणत. कशालाही औषध गरम पाणी.

हिवाळ्यात एकदा बाईंनी ‘छाना’ हा शब्द फळ्यावर लिहिला. अर्थ, अगदी थोडा वेळ. आम्ही म्हणालो, हा तर आमचा क्षण! मग शब्दच शब्द निघाले. ‘संग’ म्हणजे भिक्षू, तो संघातून आला. जादूच्या प्रयोगांना ‘मोशू’ म्हणतात, त्यातला ‘मो’ म्हणजे तथागतांच्या चरित्रातला मार, आणि हे अक्षर मुळात त्याच्याचसाठी घडवले गेले. सातव्या शतकात ह्युएन त्संग नालंदेला शिकून 657 ग्रंथ घेऊन 645 साली परतला. तो आपल्या महाराष्ट्रातूनही फिरला होता. त्यालाही नालंदेत परकी भाषा घोकावी लागली असेल. पुढे तांग काळातल्या भिक्षूंनी चिनी ध्वनी आपल्या वर्णमालेच्या धर्तीवर गटांत लावले. म्हणजे आम्ही वहीत जे करत होतो ते आधीच होऊन गेले होते. बाईंनी त्या दिवशी तासाची घंटा झाल्यावरही आम्हांला थांबवून घेतले.

पुढे पदव्युत्तर अभ्यास तिथेच केला. जानेवारी 2020 मध्ये वसंतोत्सवाच्या सुट्टीत घरी आलो आणि करोनाने दार बंद झाले. जूनमध्ये भारतात वीचॅटवर बंदी आली, मावशींचा संपर्क तुटला. भारतीय विद्यार्थ्यांचे व्हिसा ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा सुरू झाले, तोवर आमचा प्रबंध इथूनच पुरा झाला होता. खोली दुसऱ्याला दिली गेली. रजईचे काय झाले, कळले नाही. कप पहिल्या सुट्टीतच आईसाठी आणला होता. ती त्यात चहा घेते.