बिलाचा कागद आणि ताटातील भाजी

आमच्या कापडाच्या दुकानात गल्ल्यावर सूनबाई बसतात. दिवसभर मशीनचे गुळगुळीत बिल फाडून गिऱ्हाइकाच्या हाती देतात. या कागदाला शाई लागत नाही, उष्णतेने अक्षर उमटते. त्यासाठी पुष्कळ कागदांत बीपीए हे रसायन असते. ते कातडीतून शरीरात शिरते आणि स्त्री-संप्रेरकाची नक्कल करते. युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून अशा कागदावर कडक मर्यादा घातली.

अमेरिकेत बोस्टन येथे टेस्ट ट्यूब उपचार घेणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली छापून आले. अंगात बीपीए जास्त आणि आहारात फोलेट कमी, अशांमध्ये गर्भ रुजण्याचे प्रमाण घटलेले दिसले. रोज ४०० मायक्रोग्रॅम वा अधिक फोलेट अन्नातून घेणाऱ्यांत ही घट दिसली नाही. हा पक्का इलाज नव्हे. पण सौदा स्वस्त आहे. पालक, मसूर, हरभरा यांत फोलेट भरपूर असते. भाजी फार शिजवू नये, उकळलेले पाणी फेकू नये.

आणि एहतियात म्हणून तेलकट हाताने बिल धरू नये, जेवणाआधी हात धुवावेत. कागद घेताना भाव विचारतो, तसेच ‘फिनॉलविरहित आहे का?’ हेही विचारावे. नुसते ‘बीपीए नाही’ एवढ्यावर भुलू नये. त्याच्या जागी बहुधा त्याचाच भाऊबंद बीपीएस असतो.