कामगार संघटनेच्या अनुदान-व्यवस्थापनासाठी संगणक प्रणालीची रचना

कामगार संघटनेचा सर्वसाधारण निधी सभासदांच्या वर्गणीतून उभा राहतो. अनुदान मात्र ठरावीक प्रयोजनासाठीच मिळते. दोहोंचा हिशेब एकत्र झाल्यास विश्वासार्हता धोक्यात येते. म्हणून प्रणालीत प्रत्येक अनुदानास स्वतंत्र क्रमांक देऊन मंजुरी, हप्ते, खर्चशीर्षे व प्रमाणके त्याच्याशी जोडणे आवश्यक ठरते. मंजूर शीर्षाबाहेरील खर्चाची नोंद प्रणालीने स्वीकारू नये. नोंद करणारा व मान्यता देणारा पदाधिकारी भिन्न असावा. सर्वसाधारण वित्तीय नियम 2017 नुसार केंद्राच्या अनावर्ती अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र वित्तीय वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांत सादर करावयाचे असते; त्याची पूर्वसूचना प्रणालीतून मिळावी. प्रमाणपत्र रखडल्यास पुढील अनुदान अडते आणि कामगार-शिक्षणाचे वर्ग थांबतात. सामान्य सभासदास हिशेब स्वतः तपासता यावा, हेच या रचनेचे अंतिम प्रयोजन होय.