नांदूर-मध्यमेश्वर : गाळाने घडविलेले पाणथळ

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा यांच्या संगमाशी नांदूर-मध्यमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत तो बांधला गेला, तो मुख्यतः पाणी साठविण्यासाठी नव्हे, तर नदीची पातळी उचलून ते कालव्यांत वळविण्यासाठी. साठवणुकीचे काम वरच्या अंगाला असलेल्या दारणा व पुढील काळात गंगापूर या धरणांनी केले.

पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ हा दोषच होय. संथ झालेल्या पाण्यातून दोन्ही नद्यांची माती शतकभर तळाशी बसत गेली, जलाशय उथळ झाला आणि पात्रात लहानमोठी बेटे उभी राहिली. परंतु उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो. पाणवनस्पती व त्यांच्या आश्रयाने कीटक, शंख-शिंपले वाढतात. थापट्या, तलवार बदक ही हिवाळी पाहुणी बदके सहसा बुडी मारीत नाहीत. मान पोहोचेल इतकेच पाणी त्यांच्या उपयोगाचे. कालव्याचे आवर्तन सुटून पातळी उतरली की चिखलाची कड उघडी पडते व तेथे तुतवार, शेकाट्या चरू लागतात. वारकरी पक्ष्यांचे थवेही येथे दिसतात. कपाळावरील पांढऱ्या टिळ्यामुळे ते नाव त्यांना शोभते. डॉ. सलीम अली यांनी या स्थळाला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे सांगितले जाते. १९८६ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याचे नाव जाहीर झाले.

प्रश्न उरतो तो काठावरील गावांचा. २०१६ व २०१९ च्या पुरांत चांदोरी, सायखेडा येथे पाणी शिरले. साचलेल्या गाळामुळे फुगवटा वाढतो, तो काढावा, ही ग्रामस्थांची मागणी जुनी आहे आणि ती केवळ पक्षिप्रेमापोटी बाजूला सारणे न्याय्य नाही. मात्र प्रवाहाच्या मुख्य धारेतील गाळ आणि काठालगतचा गाळ यांत भेद करावा लागेल. पुराचे पाणी प्रामुख्याने धारेतून वाहते, तर पक्ष्यांचे अन्न उथळ कडेला असते. सरसकट खोदाईत पहिला बळी जातो तो या कडेचा. पाणवेलीचे संकट मात्र खोदाईने सुटणारे नाही. तिचे पोषण वरून येणाऱ्या सांडपाण्यावर होते, आणि त्याचा बंदोबस्त बंधाऱ्यावर नव्हे, नाशिक शहरातच करावा लागतो.