गाळप परवान्यात उसाच्या पैशाची अट, मग कोयत्याची का नाही?

बारामती / इंदापूर : दिवाळीच्या मागे-पुढे बीड, पाथर्डी, आष्टीकडच्या टोळ्या उतरतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शेटफळगढे या कारखाना भागात कोप्या उभ्या राहतात. त्याच सुमारास पुण्याच्या साखर संकुलात कारखान्यांचे गाळप परवान्याचे अर्ज गेलेले असतात. टोळी आणि परवाना, या दोन गोष्टींचा एकमेकींशी कागदावर फारच थोडा संबंध आहे. तो का थोडा आहे, हे आताच समजून घेतलेलं बरं. कारण तोडणी दराचा तीन वर्षांचा करार २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचाच होता. पुढचा दर ठरवायची वेळ पुन्हा आली आहे.

आधी परवान्याचं पाहू. १९८४ च्या राज्याच्या आदेशानुसार साखर आयुक्तांचा परवाना घेतल्याशिवाय कारखान्याला गाळप करता येत नाही. हा परवाना दर हंगामाला नव्याने घ्यावा लागतो. मागच्या हंगामातली एफआरपी थकली असेल, तर तो अडतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्या, उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्या, असं स्पष्ट लिहिलं आहे. पैसे बुडवणाऱ्या कारखान्यावर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जप्ती येऊ शकते. म्हणजे शेतकऱ्याचा पैसा परवान्याला बांधलेला आहे. ही अट शेतकऱ्यांच्या आंदोलनांमुळे धारदार झाली. कुणी आपणहून दिलेली नाही.

आता कोयत्याचं पाहू. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दोघांचं काम एका नावावर लागतं आणि ते नाव बहुतेक वेळा नवऱ्याचं असतं. उचल मुकादम देतो. मुकादमाला पैसे वाहतूकदाराकडून किंवा कारखान्याकडून येतात. कारखान्याचा लेखी करार वाहतूकदार-मुकादमाशी असतो, तोडणाऱ्याशी नसतो. त्यामुळे कोपीत साप चावला, उसाची मोळी चढवताना कुणी पडलं, तर ‘हा आमचा कामगार नाही’ असं सांगायला वाट मोकळी राहते.

कारखान्याच्या गेटच्या आतली गोष्ट वेगळी आहे. कायम कामगाराला हजेरीपट आहे, भविष्य निर्वाह निधी आहे, मान्यताप्राप्त युनियन आहे. त्याचा पगार सरकार, कारखानदार आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय समितीत ठरतो. तोडणाऱ्यालाही संघटना करता येते. सात जण एकत्र आले तरी नोंदणीचा अर्ज करता येतो आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना आहेतही. अडचण पुढे येते. बोलणी करायची ती कोणत्या मालकाशी? १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदाही त्यांच्या उपयोगी पडला नाही. तो दुसऱ्या राज्यातून आलेल्यांसाठी होता आणि बीडचा माणूस बारामतीत आला तर तो राज्यातल्या राज्यातच राहतो.

म्हणून ऊसतोडीचा दर राज्य पातळीवर, साखर संघ आणि कामगार संघटनांच्या बैठकीत ठरतो. मागचा करार जानेवारी २०२४ मध्ये झाला. त्यात ३४ टक्के वाढ मिळाली. प्रतिटन २७३ रुपयांचा दर ३६६ च्या घरात गेला आणि मुकादमाचं कमिशनही एक टक्क्याने वाढलं. एका कोयत्याची दिवसाची तोड दोन टन धरली, तर दोघांचे मिळून साधारण ७३० रुपये होतात, म्हणजे माणशी ३६५. हे पैसे आधी उचलीत वळते होतात.

पैसे कुणाच्या खिशातून?

शेतकऱ्याने कान टवकारावेत अशी गोष्ट इथे आहे. एफआरपी ही उसाची कारखान्यापर्यंत पोहोच किंमत आहे. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये ठरले. हातात येतात ते तोडणी-वाहतूक वजा करून. दर वाढला, कमिशन वाढलं, की ते आपल्याच बिलातून जातं. त्यामुळे ‘मजुरांना वाढ दिली की आम्ही मेलो’ असा सूर बांधावर ऐकू येतो. तो अगदीच खोटा नाही. पण दर परवडेना झाला की टोळी आणि ड्रायव्हर फडात ‘खुशाली’ मागतात. ती कुठल्याच बिलात दिसत नाही आणि तिची पावतीही मिळत नाही.

बाहेर काय चाललंय

परवाना आणि युनियन यांची गाठ घालण्याचं एक उदाहरण जरा विचित्र धंद्यातलं आहे. आपल्याकडे उसात गांजाचं झाड सापडलं तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली पोलीस येतात. अमेरिकेतल्या काही राज्यांत मात्र तो परवान्याचा धंदा आहे. कॅलिफोर्नियात दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या परवानाधारकाला युनियनबरोबर ‘कामगार शांतता करार’ करावा लागतो. न्यूयॉर्कच्या २०२१ च्या कायद्यातही हा करार परवान्याची अट आहे. मालकाने युनियनला कामगारांशी बोलायला आडकाठी करायची नाही आणि युनियनने त्या काळात संप करायचा नाही, असा तो सौदा. पगार किती, हे त्यात ठरत नाही. हे सगळीकडे टिकलंही नाही. ओरेगॉनमध्ये मतदारांनी २०२४ ला असाच नियम मंजूर केला, तो २०२५ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने रद्द ठरवला.

आपल्याकडे या दिशेचं एकच पाऊल पडलं आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्याने गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे यात एक कोटी होतात. वसतिगृहं, ओळखपत्रं, विमा यासाठी ही रक्कम आहे. पण हा निधी झाला, हक्क नाही. कारखान्याच्या दप्तरात दोघांचीही, म्हणजे बाईचंही नाव असणं, तोडीची पावती थेट तिच्या-त्याच्या हातात पडणं, पाण्याची आणि शौचालयाची सोय, या गोष्टी परवान्याच्या अर्जात विचारल्या तर कारखान्याला फार खर्च येणार नाही. साखर आयुक्तांकडे परवाना रोखण्याचं हत्यार आधीपासून आहे. ते एफआरपीसाठी वापरता येतं, तर यासाठीही वापरता येईल, पण त्यासाठी आदेशात तशी अट घालावी लागेल.

ही मागणी शेतकरी संघटनांनी का करावी, असं कुणी विचारेल. मागच्या वेळी १ नोव्हेंबर २०२३ ला हंगाम सुरू झाला, तोडणी दर ठरला जानेवारीत. मधल्या काळात ‘कोयता बंद’ची हाक आली. तेव्हा फडात तुरे आलेला आडसाली ऊस वाळत होता तो शेतकऱ्याचाच.