एमआरआय असताना हातोडी कशाला?

बारावीनंतर मुलगी एमबीबीएसला किंवा फिजिओथेरपीला गेली की पहिल्या वर्षातच तिच्या बॅगेत रबरी डोक्याची एक हातोडी दिसू लागते. सुट्टीत घरी आली की ती आजोबांना पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत बसवते, गुडघ्याच्या वाटीखाली टक्कन मारते, आजोबांचा पाय उडतो आणि सगळं घर हसतं. मग पालकसभेत म्हणा, लग्नाच्या पंगतीत म्हणा, कोणीतरी विचारतंच, "सर, आता एमआरआय निघालाय की! मग मुलांना अजून ही हातोडी कशाला शिकवतात?" प्रश्न रास्त आहे. उत्तर एका वाक्यात बसत नाही, म्हणून हा लेख.

शाळेत आपण चेतासंस्था शिकवतो ती बहुतेक नावांनी. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मेरुरज्जू, चेतापेशीची आकृती आणि तिला दिलेले बाण. परीक्षेत आकृतीला गुण असतात, त्यामुळे मुलं आकृती चांगली काढतात. पुढं शरीरक्रियाशास्त्रात, म्हणजे फिजिऑलॉजीत, प्रश्नच बदलतो. हा भाग चालतो कसा? आणि बिघडला तर मला बाहेरून कळणार कसं? दुसरा प्रश्न महत्त्वाचा. कवटी आणि मणक्यांच्या आत बंद असलेली ही संस्था उघडून बघता येत नाही. तिला बाहेरून काहीतरी विचारायचं आणि ती काय उत्तर देते ते बघायचं. चेतासंस्थेच्या सगळ्या तपासण्यांचा पाया हाच.

आता तो गुडघ्याचा झटका नीट बघू. १८७५ साली एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याचं वर्णन केलं. हातोडी पडते ती वाटीखालच्या कंडरेवर. कंडरा दबली की मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. स्नायूच्या आत हा ताण ओळखणारे बारीक संवेदक असतात. त्यांचा संदेश कमरेच्या भागातल्या मेरुरज्जूपर्यंत जातो, तिथं थेट दुसऱ्या चेतापेशीला मिळतो आणि ती त्याच स्नायूला आकुंचनाचा हुकूम देते. मध्ये एकच सांधा. स्नायूत प्रतिसाद सुरू व्हायला सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागतो. मेंदूला ही बातमी कळते, पण तोवर काम झालेलं असतं. गंमत म्हणजे त्याच क्षणी मांडीच्या मागच्या स्नायूला सैल पडायचा निरोपही गेलेला असतो, नाहीतर पुढचा ओढणार, मागचा अडवणार आणि पाय जागच्या जागी राहणार. ही जोडीची व्यवस्था ज्यांनी बारकाईनं उलगडली त्या शेरिंग्टन यांना १९३२ चं नोबेल मिळालं.

वर्गात तुलना दाखवायची असेल तर ३० सेंटिमीटरची पट्टी पुरते. एकानं पट्टी उभी धरायची, दुसऱ्यानं शून्याच्या खुणेपाशी दोन बोटं न टेकवता ठेवायची, आणि न सांगता सोडलेली पट्टी पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर वेळ लागला साधारण ०.२ सेकंद. गुडघ्याच्या स्नायूपेक्षा जवळजवळ दहापट! कारण इथं डोळा, मेंदू आणि मग हात असा लांबचा प्रवास आहे. नववीची मुलं हे तासभर करत बसतात, त्यांना हटवावं लागतं.

प्रॅक्टिकलला मुलं हे सगळं एकमेकांवर शिकतात. आधी नाव सांगायचं, काय करणार ते सांगायचं, परवानगी घ्यायची. विद्यार्थ्यांना हे उगाच वाटतं, पण घाबरून अंग ताठ धरलेल्या माणसाचा झटका नीट येतच नाही. तरीही आला नाही तर समोरच्याला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगायचं आणि त्याच क्षणी मारायचं. बऱ्याच वेळा झटका लगेच दिसतो. याला येंड्रासिकची युक्ती म्हणतात. झटक्याला ० ते ४ अशी श्रेणी देतात, मधला २ नेहमीचा. पण नुसत्या आकड्याला फार अर्थ नाही. काही धडधाकट माणसांचे झटके मुळातच मंद असतात. बघायचं ते हे, की उजवी-डावी बाजू सारखी आहे का, आणि हात-पाय यांत फरक आहे का.

विद्यार्थी अडखळतात ते याच्या पुढच्या पायरीवर. मज्जा तुटली की झटका जायला हवा, असं आपल्याला वाटतं. पण पक्षाघातात, जिथं बिघाड मेंदूत असतो, तिथं काही दिवसांनी झटका उलट जोरात येऊ लागतो. असं का? बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. मेंदूकडून खाली येणारे तंतू हा कासरा. एरवी मेंदू मेरुरज्जूला सतत थोडं आवरून धरतो. कासरा तुटला की बैल उधळतो, म्हणजे झटका वाढतो. पण बैलाचाच पाय निकामी झाला, म्हणजे मेरुरज्जूतून स्नायूकडे जाणारी चेता बिघडली, तर बैल हलतच नाही. पाय दोन्हीकडे लुळा दिसतो, पण हातोडी सांगते बिघाड वर आहे की खाली. तळपायाचीही अशीच खूण आहे. १८९६ मध्ये बाबिन्स्की यांनी दाखवलं की तळपायाच्या कडेनं रेघ ओढल्यावर मोठ्यांचा अंगठा खाली वळतो, आणि तो वर गेला तर मेंदूकडून येणाऱ्या वाटेत बिघाड असतो. तान्ह्या बाळाचा मात्र वर जाणं स्वाभाविक आहे, कारण त्याच्या त्या वाटा अजून तयार होत असतात. आईबाबांनी घरी करून बघून घाबरू नये.

आता एमआरआयकडे येऊ. एमआरआय रचना फार सुंदर दाखवतो. पण फोटो डोक्याचा काढायचा, मानेचा की कमरेचा, हे आधी कोणीतरी ठरवावं लागतं. शिवाय काही आजारांत रचना शाबूत असते आणि काम बिघडलेलं असतं.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे, म्हणजे पेपरांत ज्याला जीबीएस म्हणत होते, त्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले, ते आठवत असेल. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाबाचा जिवाणू सापडला होता. या जिवाणूच्या आवरणातला काही भाग आपल्या चेतांवरच्या घटकांसारखा दिसतो. शरीर जिवाणूशी लढताना चेतांवरच हल्ला करून बसतं. जुलाब थांबून आठ-पंधरा दिवस झालेले असतात, आणि पायांत मुंग्या, मग जिना चढवेना, मग हातही. अशा रुग्णाच्या मेंदूचा एमआरआय बहुधा स्वच्छ येतो. चेतेतून संदेश किती वेगानं जातो ते मोजणारी एनसीव्ही चाचणीसुद्धा पहिल्या काही दिवसांत फसवू शकते. गुडघ्याचे आणि घोट्याचे झटके मात्र बहुतेकांत लवकर मंदावतात किंवा जातात. श्वासाचे स्नायू दुबळे होण्याआधी रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोचला पाहिजे, आणि तो निर्णय तालुक्याच्या ठिकाणी बसलेला एखादा तरुण डॉक्टर हातोडीच्या भरवशावर घेतो.

एनसीव्हीचं मूळही शिकण्यासारखं आहे. संदेशाचा वेग मोजता येईल असं कोणाला वाटत नव्हतं, तेव्हा १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या चेतेत तो मोजला. सेकंदाला सुमारे २७ मीटर. माणसाच्या हातातल्या निरोगी चेतेत तो ५० मीटरच्या वर असतो, कारण तंतूभोवती मायलिनचं वेष्टण असतं आणि संदेश त्यातल्या फटींवरून उड्या मारत जातो. मायलिन झिजलं की वेग घसरतो. आकृतीत आपण ज्याला नुसता बाण देतो ते हेच वेष्टण.

आणखी एक गोष्ट पालकांना माहीत हवी. १५ वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर आरोग्य विभागाला कळवतात आणि मुलाच्या शौचाचे दोन नमुने २४ तासांच्या अंतरानं घेतात. "आम्ही सगळे डोस दिलेत, मग संशय कसला?" असं म्हणून काही जण रागावतात. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तरी पहारा उठलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. नमुने द्यावेत.

शिक्षकांसाठी शेवटचं. वर्गात एखादी मुलगी वाचता वाचता मधेच थांबते, पाच-दहा सेकंद शून्यात बघते आणि काहीच न झाल्यासारखी पुढं वाचू लागते. आपण म्हणतो, "लक्ष कुठंय?" हे दिवसातून अनेकदा होत असेल तर ते फिटचंही रूप असू शकतं. तिचा एमआरआय बहुधा नीटच येईल. डॉक्टर तिला तीनेक मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, तेव्हा तो झटका त्यांच्यासमोर येतो आणि ईईजीच्या कागदावर सेकंदाला तीन या गतीनं टोकदार लहरी उमटतात. हा प्रयोग आपण वर्गात करायचा नाही. आपण वहीत लिहायचं: तारीख, वेळ, किती सेकंद, हाक मारल्यावर किंवा खांद्याला हात लावल्यावर भानावर आली का, ओठ किंवा पापण्या हलत होत्या का, नंतर तिला काय आठवलं. आठवडाभराची अशी नोंद पालकांच्या हातात द्यायची आणि मुलांच्या डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यायला सांगायची.