पॅड रुपयाला, पण फडापर्यंत कसा?

सॅनिटरी पॅड एवढे स्वस्त झाले असताना विद्यार्थी स्वयंसेवकांची आणि देणगीची गरज ती काय, असा रास्त प्रश्न आमच्या काही हितचिंतकांनी विचारला आहे. प्रश्न हिशेबाचा आहे. म्हणून उत्तरही हिशेबानेच देतो.

जुलै 2018 मध्ये पॅडवरील 12 टक्के जीएसटी रद्द झाला. ऑगस्ट 2019 मध्ये जनऔषधी केंद्रांतील ‘सुविधा’ पॅडची किंमत 1 रुपयावर आली. महिन्याला 15 पॅड धरल्यास आई व दोन मुलींचा वर्षाचा खर्च 540 रुपये होतो. बाजारातील पॅड 6 रुपयांचा धरला, तर तोच 3,240 रुपये. परंतु रुपयाचा पॅड औषधाच्या दुकानात आहे आणि गरज आहे ती सातारा-सांगलीतील उसाच्या फडात.

दिवाळीच्या सुमारास बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून तोडणी मजुरांची कुटुंबे येथे येतात आणि शेताकडेला कोप्या घालून राहतात. पहाटे फडात जावे लागते. आडोसा नाही, पाणीही बेताचेच. खाडा झाला तर मजुरी बुडते, शिवाय मुकादमाकडून दंडही होतो. बीडमधील ऊसतोड स्त्रियांविषयी राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. 2019 च्या त्या पाहणीतील 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सुमारे सहांपैकी एकीचे. रुग्णालय चालविणाऱ्यांनी हा आकडा वाचून पान उलटावे, असा तो खचितच नाही.

मुलींची अडचण निराळी आहे. मार्च 2018 मध्ये सुरू झालेल्या ‘अस्मिता’ योजनेत जिल्हा परिषद शाळेतील मुलींसाठी 8 पॅडचे पाकीट 5 रुपयांना ठेवले होते. पण आईवडिलांबरोबर फडावर आलेल्या मुलीचे नाव गावच्या शाळेच्या पटावर आणि मुलगी मात्र दोनशे किलोमीटर दूर! अशा वेळी शाळेतून मिळणारी सवलत तिच्या हाती पडणार कशी?

हे अंतर राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी तोडू शकतात. दिवसा कोप्या रिकाम्या असतात. त्यामुळे जाणे सायंकाळीच होते. विद्यार्थिनी मुलींशी बोलतात, मुले खोकी वाहतात आणि नोंदवही सांभाळतात (वाणिज्य शाखेची असली तर अधिक नेटकी!). कापड वापरण्यात वावगे काही नाही. मात्र ते साबणाने धुऊन उन्हात वाळले पाहिजे. कोपीवर चारचौघांदेखत ते दोरीवर कोण घालणार? मग ते लुगड्याखाली दमट राहते आणि खाज, जखमा व जंतुसंसर्गाला वाट मिळते. वापरलेला पॅड कागदात गुंडाळावा, पाटात टाकू नये, हेही समजावावे लागते. अंगावरून पांढरे जाणे किंवा अतिरक्तस्राव यांची तक्रार असल्यास त्या स्त्रीला बाह्यरुग्ण विभागात पाठवावयाचे असते. तपासणी व औषधोपचार झाल्याखेरीज पिशवी काढण्यास संमती देऊ नये, हा निरोप आम्हांस पॅडइतकाच मोलाचा वाटतो.

महिलादिनी पाकिटे वाटून छायाचित्र काढण्यास आमची हरकत नाही. परंतु पाळी दर महिन्याला येते. पाच महिन्यांच्या हंगामास एका स्त्रीमागे पॅडचे 75 रुपये पुरतात. खरा खर्च वाहनाचे इंधन, साबण, बादल्या आणि आडोशाचे कापड यांचा आहे. देणगी पॅडपुरतीच न बांधता या कामासाठी मोकळी दिल्यास सोयीचे होईल. हंगामाच्या अखेरीस विद्यार्थ्यांच्या परीक्षा येतात आणि फेऱ्या खंडित होतात. त्या आठवड्यांसाठी निवृत्त परिचारिका व शिक्षिका यांनी आठवड्यातील एक सायंकाळ द्यावी, अशी विनंती आहे. नावे रुग्णालयाच्या कार्यालयात नोंदवावीत.