चोथा: अन्न की कचरा?

टोफू करताना उरणारा सोयाबीनचा चोथा हा कचरा की नाही, हा प्रश्न जपानच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. टोफूवाल्यांकडून पैसे घेऊन चोथा उचलणाऱ्या, पण परवाना नसलेल्या एका व्यावसायिकावर खटला भरला गेला. हा कचरा नव्हेच, असा त्याचा बचाव होता. 10 मार्च 1999 ला न्यायालयानं तो फेटाळला. चोथा लवकर नासतो, एरवी तो फुकट किंवा वर पैसे देऊनच द्यावा लागतो. तेव्हा तो औद्योगिक कचराच. गंमत अशी, की त्याच देशात गाजर-मशरूम घालून शिजवलेला हाच चोथा घरोघरी जेवणात असतो.

घरी सोया दूध काढणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. एक किलो कोरड्या सोयाबीनमागे साधारण तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच ओला चोथा उरतो. त्यात जवळपास 80 टक्के पाणी. उरलेल्या कोरड्या भागात निम्म्याच्या आसपास तंतू, पाव भाग प्रथिनं आणि दहाएक टक्के तेल. माणसाला पौष्टिक, तसंच जिवाणूंनाही. आंबटपणा नाही, ओल भरपूर. उन्हाळ्यात दुपारपर्यंत वास मारू लागतो. त्याच दिवशी वापरायचा नसेल, तर लहान वाट्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकावा. उन्हात वाळवण घालण्याचा मोह टाळलेला बरा; जाड थर सुकण्याआधीच आंबतो.

चोथा वापरण्याआधी एक गोष्ट तपासायची. जपानी रीतीत वाटण आधी उकळून मग गाळतात, त्यामुळे चोथाही शिजलेला निघतो. आपल्याकडे बरेचजण कच्चंच वाटण गाळून फक्त दूध उकळतात. असा चोथा कच्चा असतो आणि त्यात प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारे घटक शाबूत असतात. 15-20 मिनिटं चांगली वाफ दिली की त्यांचा जोर बराच ओसरतो.

पुढचं काम ज्वारीच्या पिठाचं. चोथ्यात ग्लुटेन नाही, त्यामुळे पोळीच्या कणकेत जास्त घातला तर लाटताना ती फाटते. थालीपीठ थापायचंच असतं, तिथे तो बिनतक्रार सामावतो. फक्त पीठ भिजवताना आधी पाणी ओतू नये. तंतूंनी धरून ठेवलेलं पाणी मळताना सुटू लागतं. कांदा, ओवा, तिखट सढळ हातानं घालावं, कारण चोथ्याला स्वतःची चव जवळपास नसतेच. त्याची बिस्किटं करा म्हणणाऱ्यांचा उत्साह मला मात्र कधी पटला नाही.

खरी कमाल पश्चिम जावाच्या लोकांची. ते चोथ्यावर न्यूरोस्पोरा जातीची नारिंगी बुरशी वाढवून 'ओन्चोम' करतात. बुरशीची विकरं कठीण तंतू फोडतात, आणि दीड-दोन दिवसांत भुसभुशीत चोथ्याची तळता येईल अशी वडी होते.

पण म्हणून ओट्यावर विसरलेल्या चोथ्याला बुरशी आली तर ती ओन्चोम समजू नये. जावातच खोबऱ्याच्या चोथ्यापासून केलेल्या 'तेम्पे बोंगक्रेक'मध्ये भलताच जिवाणू वाढून जीवघेणं विष तयार होई. त्यानं शेकडो बळी घेतले आणि अखेर त्यावर बंदी आली. ओन्चोम करणारे आधीच्या घाण्यातलं विरजण वापरतात, हवेतून काय येऊन पडेल याची वाट पाहत नाहीत.